ज्योतीरामच्या पाच खुणा

रविवारी सकाळी भिमाजीआप्पा मोबाइल तळहातावर आडवा धरून, त्यातून काही सांडेल की काय अशा बेताने, जिना चढून आले तेव्हा ज्योतीराम दाढी करत होता. आप्पा घरमालक. रहाटणीतली त्यांची अठरा खोल्यांची इमारत एकेकाळच्या उसाच्या फडावर उभी होती आणि भाड्याच्या तारखेशिवाय ते कुणाच्या दारात उभे राहत नसत. तारीख तर होती बावीस. ज्योतीरामने एका गालाचा साबण तसाच ठेवून खुर्ची पुढे केली.

"ज्योतीराम, तुला विंग्रजी वाचता येतं न्हवं?"

"येतं की आप्पा. काय झालं?"

"काय न्हाई." आप्पांनी दाराकडे पाहून आवाज उतरवला. "मला एक कोटी आल्यात. घरात अजून कुणाला बोललो न्हाई. पोरं लगीच गाडी बघाया जातील."

तो मेल वाचायला ज्योतीरामला अर्धं मिनिटही लागलं नाही. कुठल्याशा परदेशी कंपनीने जगातले सगळे ईमेल पत्ते एका पिंपात घालून फिरवले होते आणि त्यातून नेमका आप्पांचा पत्ता वर आला होता. हा पत्ता आप्पांना नातवाने गॅसच्या नोंदणीसाठी काढून दिला होता आणि तो त्यांना स्वतःलाही पाठ नव्हता.

"आप्पा, तुम्ही तिकीट काढलं होतं का?"

"न्हाई."

"मग लॉटरी लागली कशी?"

"आता ह्या जमिनीचं तरी आमी काय तिकीट काढलं हुतं?" आप्पा शांतपणे म्हणाले. "लागलीच की."

 गेली अठरा वर्षं ज्योतीराम त्याच लॉटरीचं भाडं भरत होता. पण विषय त्याच्या हातखंड्याचा होता. त्याने आप्पांना समोर बसवलं आणि एकेक बोट मोडत खोट्या मेलच्या पाच खुणा सांगितल्या. तुम्ही काही मागितलेलं नसतं तरी अभिनंदन येतं, ही पहिली. मग घाई असते, अमुक तारखेच्या आत कळवा नाहीतर गेलं. तिसरी खूण म्हणजे घेण्याआधी द्यायला लावतात. प्रक्रिया शुल्क, कर, काहीतरी. चौथी, आधार आणि बँकेचे कागद मागतात. आणि पाचवी, जी ज्योतीरामच्या मते सगळ्यात पक्की होती, ती म्हणजे शुद्धलेखन. चोराचं शुद्धलेखन कच्चं असतं. आप्पांच्या मेलमध्ये पाचही खुणा हजर होत्या.

"म्हंजी एक कोटी न्हाईत म्हण की," आप्पा म्हणाले.

"नाहीत."

आप्पा मोबाइल खिशात टाकून उठले. जिन्यापाशी थांबून म्हणाले, "सकाळधरनं जरा बरं वाटत हुतं जिवाला."

ही विद्या ज्योतीरामला फुकट मिळालेली नव्हती. तीन वर्षांपूर्वी त्यालाही असंच अभिनंदन आलं होतं, पंचवीस लाखांचं. लातूर सोडून पिंपरी-चिंचवडला आलेल्या माणसाला पंचवीस लाख म्हणजे काय, तर स्वतःच्या नावाची पाटी असलेलं एक दार. त्याने शुल्क भरलं. मग कर भरला. मग कर भरल्याचं शुल्क भरलं. मुलीच्या, स्वप्नालीच्या शिक्षणासाठी पोस्टात साठवलेली पुंजी संपली तेव्हा पलीकडचा गोड बोलणारा साहेबही संपला. चाकणच्या कंपनीत पुढचे आठ महिने लोक त्याला 'शेठ' म्हणत होते. जेवायला बसला की कुणीतरी विचारायचं, "शेठ, आज पण चपाती-भाजीच?"

त्याची बायको मंजुषा मात्र त्याला काहीच बोलली नव्हती. ती काळेवाडीत मोटारींच्या सीटची कव्हरं शिवायच्या कारखान्यात जायची. तिने दुसऱ्या दिवसापासून ओव्हरटाइम धरला आणि एवढंच म्हणाली, "आता परत कुणी काही देतो म्हणलं, तर घेऊ नका."

ज्योतीरामने ते वाक्य अक्षरशः पाळलं. तो दर पंधरा दिवसांनी पासवर्ड बदलू लागला आणि तो घरात कुणालाही सांगेनासा झाला. अनोळखी नंबर दिसला की ब्लॉक करायचा. बँकेने वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या तरी त्यांची तक्रार नोंदवायचा. कंपनीत तो क्वालिटी खात्यात होता. ब्रेकचे सुटे भाग हातात घेऊन खराब माल लाल ट्रेमध्ये टाकणं हेच त्याचं काम. तीच नजर त्याने मेलवर वळवली. एकदा हिशेब खात्यात आलेलं खोटं बिल त्याने नुसत्या पत्त्यावरून ओळखलं आणि कंपनीचे बरेच पैसे वाचवले. तेव्हा एचआरच्या मोनिका मॅडमनी त्याला बोलावून घेतलं आणि दर महिन्याच्या सभेत वीस मिनिटं सायबर जागृतीसाठी दिली. ज्या लोकांनी त्याला शेठ म्हटलं, तेच आता आपापले मोबाइल घेऊन त्याच्या मागे फिरू लागले. तो कुणाचाही मेल दोन ओळींत निकालात काढायचा. "फेक. उडवा."

त्याच दिवसांत घरात एक कट शिजला.

मोशीच्या अंगाला सरकारी योजनेतल्या घरांची सोडत निघणार असल्याचं मंजुषाला कारखान्यात कळलं. लोक सोडतीला लॉटरीच म्हणायचे आणि तो शब्द ज्योतीरामसमोर उच्चारायची सोय नव्हती. म्हणून मायलेकींनी परस्पर अर्ज भरला. पगाराची पावती ज्योतीरामची, म्हणून अर्ज त्याच्या नावाने. मोबाइल आणि ईमेल त्याचाच. अनामत रक्कम मंजुषाच्या ओव्हरटाइमची. ओटीपी आला तेव्हा ज्योतीराम मोरीत अंघोळ करत होता. ओटीपी कुणालाही देणार नाही अशी चाकणच्या साडेतीनशे कामगारांकडून शपथ घेणाऱ्या माणसाचा ओटीपी, तो अंगाला साबण लावत असताना, त्याच्या पोटच्या पोरीने नेला.

"लागलं तर सांगू," मंजुषा म्हणाली. "नाही लागलं तर कामून डोक्याला ताप."

"लागलं तर मेलच येईल त्यांना," स्वप्नाली म्हणाली. "पप्पाच नाचत येतील सांगायला."

सोडतीची तारीख तीनदा पुढे गेली. शेवटी ती निघाली तेव्हा स्वप्नालीची परीक्षा होती आणि मंजुषा औशाला भाचीच्या लग्नात. परत आल्यावर तिने दोन-तीन दिवस नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर नेहमीचंच तोंड होतं. तिने मनाशी ओळखलं, नाही लागलं. अनामत सावकाश परत येते म्हणतात, येईल तेव्हा येईल. तो विषय तिने गिळून टाकला, आणि गिळायची सवय असल्याने तिला फारसं जडही गेलं नाही.

मेल आला होता. परीक्षेच्याच आठवड्यात, बुधवारी दुपारी. 'अभीनंदन. आपन सोडतीमध्ये यशस्वी ठरला आहात.' दहा दिवसांच्या आत स्वीकृती द्या. किमतीचा पहिला हप्ता भरा. आधार, पॅन आणि बँकेचा धनादेश जोडा. अन्यथा आपला हक्क संपुष्टात येईल. ज्योतीरामने तो जेवणाच्या सुटीत वाचला आणि त्याला मनापासून आनंद झाला. पाच खुणा एकाच मेलमध्ये, तेही मराठीत, इतक्या स्वच्छ त्याला आजवर मिळाल्या नव्हत्या. याच मजकुराचे एसएमएस आले होते, ते त्याने आधीच ब्लॉक केले होते. मेल मात्र उडवला नाही. सभेसाठी ठेवून दिला.

शुक्रवारी सभेत तो पडद्यावर झळकला. ज्योतीरामने नाव झाकलं नाही, अर्ज क्रमांकही झाकला नाही. खोट्या कागदावर झाकायचं काय, असं त्याचं म्हणणं होतं.

"आता हे बघा," तो छडी फिरवत म्हणाला. "मला घर लागलंय. मी अर्ज केला होता का? नाही. तरी यांनी दिलं. किती मोठं मन. आणि अभिनंदन बघा, भी दीर्घ. आपन, न नळाचा. ज्याला 'आपण' लिहिता येत नाही तो तुम्हाला घर देणार."

सभागृह हसलं. मागच्या बाजूला कुणीतरी शिट्टी वाजवली. ज्योतीराम एकेक खूण दाखवत गेला आणि प्रत्येक खुणेला हशा वाढत गेला. आठ महिन्यांचं 'शेठ' त्या वीस मिनिटांत धुऊन निघाल्यासारखं त्याला वाटलं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून हिंदुराव उठला. हिंदुराव मशीन शॉपमधला, चाकणजवळच्याच गावचा. कंपनीच्या बसमध्ये अकरा वर्षं तो ज्योतीरामच्या शेजारच्या सीटवर बसत होता. रहाटणीला त्याची सासुरवाडी. सासऱ्यांचं आजारपण निघाल्यापासून बायको माहेरी राहिली ती राहिलीच, आणि हिंदुरावही तिकडूनच ये-जा करायचा. शेठ म्हणणाऱ्यांत तो कधी नव्हता.

"ज्योतीराम, ह्ये नक्की फेकच हाय का?"

"का रे?"

"न्हाई, इचारतोय. फोन करून बघितलास का कुठं?"

"भावा, खोट्याला फोन करणं म्हणजे चोराला घराचा पत्ता देणं. शंभर टक्के फेक. लिहून देतो."

"बरं," हिंदुराव म्हणाला आणि खाली बसला.

मोनिका मॅडमनी हलकेच सुचवलं, "सरकारी नाव आहे, तर एकदा त्यांच्या वेबसाइटवर जाऊन खात्री करून घ्यायला काय हरकत आहे, असं एखाद्याला वाटू शकतं."

"मॅडम, अठरा वर्षं रिजेक्ट माल काढतोय. हातात घेतला की कळतं."

मॅडमनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

पुढच्या मंगळवारी कँटीनमध्ये त्याला फोन आला. ज्योतीरामने घास बाजूला ठेवला, सगळ्यांना गप्प बसायची खूण केली आणि स्पीकर सुरू केला.

"नमस्कार, मी सोडत कार्यालयातून दिव्या बोलते. आपण अजून स्वीकृती दिलेली नाही, शुक्रवारी मुदत संपते, म्हणून फोन केला."

"बोला ताई. पैसे किती भरू?"

"ते पत्रात दिलंय सर. सध्या फक्त स्वीकृती द्या, मग कागद."

"ताई, वय काय हो तुमचं?"

"सर?"

"आवाजावरून पंचविशीतल्या वाटता. आईवडलांना माहितीये का तुम्ही काय काम करता? दिवसभर गोरगरिबांना फसवून घरी जाऊन जेवण जातं का?"

 ती म्हणाली, "सर, मी माझं काम करतेय." आणि फोन ठेवला. कँटीन टेबलं बडवत होतं. ज्योतीरामने नंबर ब्लॉक केला आणि अर्धी राहिलेली भाकरी चवीने संपवली. समोर बसलेला हिंदुराव हसला नाही. पण त्या दिवशी त्याची दाढ दुखत असल्याचं त्याने सकाळीच सांगितलं होतं.

महिनाभराने हिंदुराव बसमध्ये पेढे घेऊन चढला. आधी ड्रायव्हरला दिला, मग सगळ्यांना, आणि शेवटी आपल्या सीटवर येऊन ज्योतीरामसमोर पुडा धरला.

"घर लागलं मोशीला. सरकारी."

"काय सांगतोस. तू फॉर्म कधी भरलास?" ज्योतीरामला खरोखर आनंद झाला. त्याने एकदम दोन पेढे उचलले.

"मला तसं लागलं नव्हतं. वेटिंग लिस्टला हुतो, एक नंबरला. ज्याला लागलं त्यानं घेतलंच न्हाई. मुदत संपली आन् खालच्याला आलं."

"घेतलंच नाही? लागलेलं घर?" ज्योतीरामचा पेढा तोंडाशी थांबला. "असा कोण येडा असंल रं?"

हिंदुराव खिडकीतून बाहेर पाहू लागला. बाहेर स्पाइन रोडवर एक कंटेनर आडवा लागला होता. "आसतात," तो म्हणाला. "आपापलं नशीब."

ज्योतीरामने घरासाठी चार पेढे मागून घेतले आणि संध्याकाळी चहा पिता पिता सगळा किस्सा रंगवून सांगितला. वेड्याची त्याने नक्कलही करून दाखवली. हातात आलेलं घर नको म्हणणारा माणूस कसा दिसत असेल, हे त्याने खांदे उडवून, ओठ काढून दाखवलं. मंजुषा हसली नाही.

"मोशीचं म्हणालाव का?"

"हो."

"सरकारी सोडत?"

"हो. का?"

मंजुषाने स्वप्नालीकडे पाहिलं. स्वप्नालीने मोबाइल उचलला. अर्ज क्रमांक तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला होता. यादी उघडायला वेळ लागत होता. कधी पान यायचं, कधी जायचं. ज्योतीराम विचारत राहिला, काय चाललंय, काय शोधताय. मग यादी उघडली आणि स्वप्नालीने वाचून दाखवलं, शाळेत धडा वाचतात तसं, अवघड शब्दापाशी न अडखळता. विजेता, ज्योतीराम. संपूर्ण नाव. पुढच्या रकान्यात लिहिलं होतं, विहित मुदतीत स्वीकृती न दिल्याने रद्द. त्याखाली प्रतीक्षा यादीतला पहिला, हिंदुराव.

"पप्पा, तुम्हाला मेल नाही आला?"

ज्योतीरामने पेढा वाटीत ठेवला. "आला होता," तो म्हणाला.

मंजुषाने त्याला एकच प्रश्न विचारला. "वाचला होता?"

"साडेतीनशे लोकांना वाचून दाखवला," ज्योतीराम म्हणाला. यात विनोद करायचा त्याचा काही हेतू नव्हता, पण स्वप्नालीला हसू फुटलं, ते थांबेना, आणि मग ती रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो सोडत कार्यालयात गेला. खिडकीत एक तरुण मुलगी बसली होती. त्याने कागद पुढे केले आणि घडलेला प्रकार सांगायला सुरुवात केली. दोन वाक्यांतच मुलीने मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"मी दिव्या," ती म्हणाली. "आपण फोनवर बोललो होतो. माझ्या आईवडलांची चौकशी केली होती तुम्ही."

ज्योतीरामने हात जोडले. "ताई, चूक झाली."

"रोज दहा जण तसंच बोलतात सर. तुमचं एवढंच, की जरा जास्त वेळ बोललात." तिने संगणकावर पाहिलं. "एक मेल, तीन एसएमएस, एक फोन. आमच्याकडून सगळं झालंय. मेल खरा आहे का, हे वेबसाइटवर अर्ज क्रमांक टाकला असता तर कळलं असतं. नाहीतर इथं यायचं. रहाटणीहून एका बसचं अंतर आहे."

"आता काही होतं का?"

"साहेबांच्या नावाने अर्ज द्या."

त्याने अर्ज दिला. वीस दिवसांनी 'अमान्य' असं उत्तर आलं, ईमेलवर. ज्योतीराम तोवर दिवसातून सहा वेळा मेल उघडून बघायला लागला होता.

हिंदुरावला त्याने बसमध्ये काही विचारलं नाही. तिथे ऐकणारे फार. कंपनीच्या सायकल स्टँडपाशी गाठलं.

"तुला त्या दिवशी सभेतच कळलं होतं."

"व्हय," हिंदुराव म्हणाला. त्याने नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं ज्योतीरामला वाटून गेलं.

"मग बोलला का नाहीस?"

"इचारलं की. समद्यांसमोर उठून इचारलं. फोन केलास का म्हणून बी इचारलं. तू म्हणलास लिहून देतो."

"मला बाजूला घेऊन सांगायचं. अकरा वर्षं शेजारी बसतोयस."

हिंदुरावने बुटाने जमिनीवरचा खडा सरकवला. "निघालो हुतो सांगाया. दोनदा. त्या फोनच्या दिशी तर तोंडाशी आलं हुतं. पर घरी म्हातारा न् आमी तिघं भाऊ, समदं एका छपराखाली. बायको अकरा वर्षं म्हायेरी ऱ्हातीया जागा न्हाई म्हून. सासऱ्याचं आजारपण आपलं लोकांस्नी सांगाया. आता तूच सांग. तू माझ्या जागी आसतास, तर?"

'मी सांगितलं असतं' असं म्हणायला ज्योतीरामने तोंड उघडलं आणि डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.  इतक्यात शिफ्टचा भोंगा झाला आणि दोघेही आत गेले, एकाच दाराने, कारण दुसरं दार नव्हतं.

यापुढे सभेत ज्योतीरामची वीस मिनिटं कुणी दुसऱ्याने घ्यावीत असं त्याने मोनिका मॅडमना कळवलं. त्यांना कारण कळलं होतं. ते सगळ्यांनाच कळलं होतं. फरक एवढाच की या वेळी कुणी त्याला कसलंही टोपणनाव ठेवलं नाही. जेवायला बसला की लोक त्याच्या ताटाकडे न पाहता जरा सरकून जागा करून द्यायचे, आणि ते त्याला शेठपेक्षा जास्त लागायचं.

दिवाळीनंतर भिमाजीआप्पा पुन्हा वर आले. या वेळी मोबाइल खिशात होता.

"ज्योतीराम, बिल्डिंग पाडायची म्हणत्यात पोरं. आयटीतल्या पोरापोरींसाठी हॉस्टेल बांधणार. एकेका खाटंचं भाडं तुझ्या खोलीयेवढं." आप्पांनी भिंतीवरून हात फिरवला. "म्या म्हणलं, ज्योतीरामला दोन महिनं द्या. त्यानं माझं एक कोटी वाचिवलं."

"तुमचे एक कोटी नव्हतेच आप्पा."

"तेच की. ते न्हवतं, ह्ये तूच सांगितलंस. दुसऱ्यानं सांगितलं नसतं."

दोन महिने ज्योतीराम आणि मंजुषा खोल्या बघत फिरले. पिंपळे सौदागरच्या बाजूला भाडं ऐकून मंजुषा दारातूनच परत फिरायची. थेरगावात एक खोली जमत होती, तर घरमालकाला मुलगी असलेलं कुटुंब नको होतं. मुदत संपायला आठ दिवस उरले असताना हिंदुराव कँटीनमध्ये हळूच म्हणाला, "मोशीची चावी मिळालीया. पर आमचं जाणं व्हईना. म्हातारा म्हणतोय, मी हाय तवर घर फोडायचं न्हाई. बायकोबी गावाकडंच आली आता. नवीन घर लागल्यावर तिचा राग गेला." तो थांबला. "बंद ठेवण्यापेक्षा तुमी ऱ्हावा. बाहेरच्यापेक्षा कमीच घेईन."

"ते भाड्याने देता येत नाही. पाच वर्षं."

"म्हायत हाय. कुणी आलंच तर मावसभाऊ म्हून सांग."

ज्योतीरामने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा त्याला वाटलं होतं मंजुषा ताट आपटेल. तिने विचारलं, "किती मजले आहेत?" मग विचारलं, "पाणी दोन्ही वेळ येतं का?" आणि मग कपाटावरच्या बॅगा काढायला स्टुलावर चढली.

घर चौथ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि गॅलरीतून लांबवर इंद्रायणीच्या काठची झाडं. पहिल्या दिवशी मंजुषाने ओट्यावर हात ठेवला आणि मग तो घासायला घेतला. दारावर हिंदुरावच्या नावाची पाटी होती. विजेचं बिल त्याच्या नावाने यायचं, कुरिअरवाले ज्योतीरामला हिंदुराव म्हणायचे आणि महिन्याभरात तो त्या नावाला ओ देऊही लागला.

फेब्रुवारीत एका शनिवारी सकाळी अकरा वाजता बेल वाजली. दारात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, बगलेत फाइल धरलेला एक वयस्कर माणूस होता.

"सोडत कार्यालयातून आलोय. तपासणी आहे. हिंदुराव राहतात का इथं?"

ज्योतीरामने दारावरच्या पाटीकडे पाहिलं. मंजुषाच पुढे आली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, तिला खोटं बोलताना त्याने कधी ऐकलं नव्हतं.

"राहतात की," ती म्हणाली. "भाऊजी आत्ताच गावाकडं गेले, शेतावर. बसा ना. चहा टाकते."

"आणि आपण?"

"मी त्यांचा मावसभाऊ," ज्योतीराम म्हणाला.

तपासनीस बसले. त्यांनी देव्हारा पाहिला, स्वप्नालीची पुस्तकं पाहिली, गॅलरीत वाळत घातलेले कपडे पाहिले. "मुक्काम बराच दिसतोय."

"पोरीचं कॉलेज जवळ पडतं," मंजुषा आतून म्हणाली.

चहा चांगला झाला होता. तपासनीसांनी दुसरी बशी ओतून घेतली आणि सैलावून बोलू लागले. या इमारतीत निम्मी घरं लोकांनी भाड्याने चढवलीत. ज्यांना गरज नाही त्यांना लागतात आणि ज्यांना गरज आहे ते भाडेकरू म्हणून येतात. दार उघडलं की कुणी आत्या असतं, कुणी साडू. "फार फसवाफसवी आहे हो," ते म्हणाले. "तुमच्यासारखं सरळ घर दिवसातून एखादं सापडतं."

त्यांनी फाइल मांडीवर घेऊन फॉर्म भरला, शिक्का मारला आणि पेन ज्योतीरामच्या हातात दिलं. सहीच्या शेजारी नात्याचा रकाना होता. ज्योतीरामने सही केली आणि त्या रकान्यात मावसभाऊ असं लिहिलं. तपासनीसांनी एक प्रत फाडून दिली आणि जोडे घालून पाचव्या मजल्याकडे निघून गेले.

मंजुषा कपबशा गोळा करत होती. "काय लिहिलंय हो त्यांनी?"

ज्योतीरामने कागद उजेडात धरून वाचला. "मूळ लाभार्थी कुटुंबासह राहत असल्याचे आढळले."

मंजुषाने थोडा विचार केला.

"मग खरंच लिहिलंय की," ती म्हणाली आणि कप धुवायला आत गेली.